बाल्कनीतला चंद्र, भिंतीतला पलंग

देवनारच्या म्युनिसिपल वसाहतीत आमची एक खोली होती आणि राहणारी माणसं सात. रात्रीची जेवणं उरकली की आई म्हणायची, "चला, उचला आता." टीपॉय गॅलरीत जायचा, खुर्च्या एकात एक बसायच्या, पलंगाखालून वळकट्या निघायच्या आणि दहा मिनिटांत बैठकीची झोपायची खोली व्हायची. पहाटे नळाला पाणी आलं की हेच सगळं उलट. पुढं अकरा वर्षं मी क्रूझ जहाजांवर केबिन अटेंडंट होतो. पहिल्या दिवशी ट्रेनरनं एक फॅमिली केबिन उघडून विचारलं, "एवढ्या जागेत आई, बाप आणि दोन मुलं कशी झोपवशील?" मला त्यात अवघड काही वाटेना.

आता घरी असतो. गोवंडी स्टेशनच्या रस्त्यावर कुणी ओळखीचं भेटलं की हमखास विचारतं, मुलांसाठी सजवलेली ती समुद्री चाच्यांची खोली, ती जंगलाची खोली खरंच तशी असते का? तिला खरंच बाल्कनी असते का? असते. त्या खोलीच्या मागं काय चालतं, ते मात्र पाहुण्याला दिसत नाही. म्हणून हे चार किस्से.

सांगाडा

आधी खोली कशी बनते ते सांगतो. आजच्या मोठ्या जहाजांवरची केबिन बहुधा जहाजावर बांधत नाहीत. ती कारखान्यात तयार होते. बाथरूम, आरसा, वायरिंग, कपाट सगळं आत बसवून पूर्ण खोलीचा ठोकळा येतो आणि कपाटात खण सरकवावा तसा जहाजाच्या सांगाड्यात सरकवतात. फिनलंडमध्ये पिइक्किओ इथं असा मोठा कारखाना आहे. भिंती आणि छत पोलादी पत्र्याचे असतात, त्यामुळं त्यांना लोहचुंबक चिकटतं. हे नीट लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

थीम त्यानंतर चढते. भिंतीवर चित्रांची फिल्म, पायाखाली तसाच गालिचा, तशाच चादरी, तसाच दिवा. मुलांचे पलंग भिंतीतून किंवा छतातून खाली उतरतात. आमच्या भाषेत त्यांना पुलमन म्हणतात, रेल्वेच्या झोपायच्या डब्यांवरून आलेलं नाव. दिवसा ते बंद असतात. संध्याकाळी पाहुणे जेवायला गेले की आम्ही किल्ली लावून ते उघडायचे, शिडी अडकवायची, कठडा लावून दोनदा हलवून बघायचा. उशीवर टॉवेलचा हत्ती किंवा माकड ठेवून बाहेर पडायचं. पाहुणे परत येतात तेव्हा दिवाणखान्याचं मुलांचं घर झालेलं असतं.

एका फेरीत चाच्यांच्या केबिनमध्ये पाच वर्षांचा एक मुलगा होता. वरच्या पुलमनच्या बरोबर वर, छतावर अंधारात चमकणारा सांगाडा चिकटवलेला होता. दिवसा तो मुलगा त्याच्याकडं बघून हसला होता. पहिल्याच रात्री दीड-दोन वाजता त्याच्या आईचा फोन सुपरवायझरला आणि तिथून मला. दिवा घालवला की पोरगं किंचाळत होतं. मी पॅन्ट्रीतून उशीचा अभ्रा आणि सहा लोहचुंबकं नेली आणि सांगाडा झाकून टाकला. मग त्या मुलाच्या हातात एक चुंबक दिलं. म्हटलं, हे तू लाव, आता तो तुझ्या परवानगीशिवाय बाहेर येणार नाही. तो झोपला. सकाळी मी ही गोष्ट सुपरवायझरला सांगितली आणि त्या कंत्राटात माझ्या सगळ्या केबिनींच्या छतांवरून सांगाडे उतरले. त्यांच्या जागी चांदण्या लागल्या. चित्रं काढणाऱ्यानं खोली उभं राहून पाहिली होती. मूल ती आडवं पडून, अंधारात बघतं.

दार

बाल्कनीच्या केबिनला दोन दारं. एक कॉरिडॉरचं, एक समुद्राचं. दोन्ही एकाच वेळी उघडली की वारा आरपार धावतो आणि जड दार असं आपटतं की शेजारच्या दहा केबिनींना कळतं. एकदा एका बाबांनी समुद्राकडचं दार उघडं ठेवलं होतं आणि मी बाहेरून टॉवेल घेऊन आलो. दार माझ्या हातातून निसटलं आणि डाव्या करंगळीचं नख गेलं. माझ्या मागोमाग त्यांची तीन वर्षांची मुलगी पळत येत होती. तिची बोटं कुठं असती, हा विचार मी अजून करतो. त्या दिवसापासून मुलं असलेल्या प्रत्येक केबिनमध्ये मी पहिल्या भेटीत एकच वाक्य आधी बोलायचो, "एक दार उघडं असेल तर दुसरं बंद ठेवा." बाकीचं स्वागत त्यानंतर.

बाल्कनीचा कठडाही असाच. अमेरिकेतल्या २०१० च्या कायद्यानं तिथल्या बंदरांतून जाणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजांना ४२ इंच उंचीचा कठडा सक्तीचा केला. मुलाच्या छातीच्या वर जाईल एवढी ही उंची. पण त्याला लागून खुर्ची ठेवली की ४२ इंचांचे २४ होतात. मी दिवसातून दोनदा खुर्च्या मागं भिंतीला लावायचो. पाहुण्यांना वाटायचं, केवढा टापटिपीचा माणूस आहे.

आग

आमच्या घरापासून चेंबूरचा आर. के. स्टुडिओ जवळ होता. १६ सप्टेंबर २०१७ ला, शनिवारी, तिथं आग लागली तेव्हा मी सुट्टीवर होतो. टीव्हीच्या कार्यक्रमाचा सेट असलेला मंच जळला आणि राज कपूरांच्या काळातले पोशाख, जपून ठेवलेल्या वस्तू गेल्या. आमच्या वसाहतीतले एक काका सेटवर सुतारकाम करायचे. ते म्हणाले, "प्लायवूड, कापड, रंग. पेटायला काय वेळ?"

मला तेव्हा आमच्या प्रशिक्षणात सांगितलेलं एक जहाज आठवलं. २३ मार्च २००६ ला पहाटे जमैकाच्या जवळ 'स्टार प्रिन्सेस' या जहाजाच्या बाल्कनीवर आग लागली. न विझवता टाकलेली सिगारेट हे संभाव्य कारण तपासात पुढं आलं. बाल्कन्यांमधली पार्टिशनं प्लॅस्टिकची, खुर्च्या प्लॅस्टिकच्या. आग एका बाल्कनीतून दुसरीत, खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर चढत गेली. धुरानं एक प्रवासी दगावला. तोवर सगळ्यांचं लक्ष केबिनच्या आत होतं. बाल्कनी म्हणजे मोकळी हवा, तिथं काय पेटणार, असाच समज होता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलले आणि १ जुलै २००८ पासून लागू झाले. पार्टिशनं न जळणारी हवीत. बाल्कनीतलं सामान सहज पेटणारं असेल तर तिथं आगीची सूचना देणारी यंत्रणा आणि पाण्याचे फवारे हवेत.

म्हणून जहाजावरची थीम सिनेमाच्या सेटसारखी करता येत नाही. पडदा, गालिचा, भिंतीवरची फिल्म, सगळं आगीच्या चाचणीतून पास झालेलं लागतं. एखाद्या पाहुण्यानं हौसेनं विजेच्या माळा लावल्या किंवा मेणबत्ती पेटवली, तर आम्हाला ती काढावीच लागते. लोक रागावतात. तरी काढावी लागते.

चंद्र

हा शेवटचा किस्सा मला सगळ्यात जवळचा. मुंबईहून दक्षिणेला जाणाऱ्या एका फेरीत पुण्याचं एक कुटुंब आलं होतं, चौदा माणसं, लागोपाठच्या चार बाल्कनी केबिनी. आजींचं सहस्रचंद्रदर्शन त्यांनी जहाजावर करायचं ठरवलं होतं. पौर्णिमेची रात्र मुद्दाम धरली होती. सूनबाईंनी मला दोन गोष्टी विचारल्या. मधली पार्टिशनं उघडतील का? आणि निरांजन लावता येईल का?

पार्टिशनं उघडतात. त्यांना कुलूप असतं, किल्ली आमच्याकडं. बंदरात आम्ही ती उघडून बाल्कन्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गोड्या पाण्यानं धुतो, नाहीतर खाऱ्या वाऱ्यानं काचेवर पांढरी साय चढते. परवानगी घेऊन मी तिन्ही पार्टिशनं उघडली आणि चार बाल्कन्यांचं एक लांब अंगण झालं. निरांजनाला मात्र नाही म्हणावं लागलं. सगळे गप्प झाले. आजीच म्हणाल्या, "सुपारी आणि अंगठीनं ओवाळा. माझ्या आईकडंही आधी सुपारीच ओवाळायचे."

खरी अडचण तिसरीच होती आणि ती त्यांच्या ध्यानात आली नव्हती. जहाज दक्षिणेला चाललं होतं आणि त्यांच्या केबिनी उजव्या अंगाला, म्हणजे पश्चिमेकडं. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो. जेवणाच्या वेळी आजी बाल्कनीत बसल्या असत्या तर त्यांना नुसता काळोख दिसला असता. हे मला पुस्तकातून कळलं नव्हतं. ऊन कुठल्या वेळी कुठल्या चादरीवर पडतं, हे रोज बघून कळलं होतं. मी सूनबाईंना म्हटलं, "रात्री नको, पहाटे पाचला करा. चंद्र तेव्हा तुमच्याच बाजूला उतरत असेल."

पाचला मी ड्यूटीवर नव्हतो. साडेसहाला ट्रॉली घेऊन गेलो तर दार उघडून आजी स्वतः उभ्या. हातावर साखर ठेवली. मागं बाल्कनीत पोरं शालीत गुरफटून झोपलेली आणि खुर्च्या सगळ्या भिंतीला लावलेल्या.

आपल्या समुद्रावर

माझ्या आईचं माहेर देवगड. तिच्या लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं जायचे, डेकवर वळकटी पसरून. देवगडला बोट बंदराबाहेर थांबायची आणि पडावात उतरावं लागायचं. ती सेवा बंद पडली. मग २०१८ मध्ये 'आंग्रिया' हे क्रूझ जहाज मुंबई-गोवा मार्गावर आलं आणि सप्टेंबर २०२१ पासून 'एम्प्रेस' मुंबईहून निघू लागली. हे दुसरं जहाज १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेलं. बाल्कनी ही तेव्हा मोजक्या केबिनींची चैन होती, म्हणून त्याच्यावर तशा केबिनी थोड्याच. जगात आता गोष्ट फार पुढं गेली आहे. जानेवारी २०२४ मध्ये निघालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज'वर कुटुंबासाठी तीन मजली घर आहे, आत घसरगुंडीसकट. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. उद्या तशी जहाजं आपल्याकडंही येतील आणि आपली मुलं त्यांत झोपतील.

तेव्हा जाणार असाल तर माझं एवढं ऐका. केबिन घेताना जहाज कुठल्या दिशेला जाणार आणि आपली बाजू कुठली, हे विचारून घ्या. आत गेल्या गेल्या बाल्कनीतल्या खुर्च्या कठड्यापासून मागं ओढा. भिंतीतला पलंग स्वतः उघडू नका, अटेंडंटला बोलवा. त्याच्या छातीवरच्या पट्टीवर त्याचं नाव लिहिलेलं असतं. पहिल्याच दिवशी ते वाचा आणि त्याला नावानं हाक मारा.