आवणी, कंबर आणि कोनोविडरचा दांडा

एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे ही लिखित आवृत्ती. बोलताना अडखळलो ते सगळं गाळलंय.

आधी एक खुलासा, कारण दर वेळी कमेंट येते. आजचं ठिकाण अकोले, अकोला नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्याचं पश्चिम टोक. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, भंडारदरा. तुमच्यातले निम्मे जण काजवे बघायला तिकडे जाऊन आलेले असतील. त्याच रस्त्याने जुलैत गेलात तर राजूरच्या पुढे दोन्ही बाजूंच्या खाचरांत बायका ओळीने वाकलेल्या दिसतात. डोक्यावर प्लास्टिकचा कागद नाहीतर इरलं, डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताने चिखलात रोप खोचायचं आणि एक पाऊल मागे. ही भाताची आवणी. आपण गाडीतून फोटो काढतो. छान येतो.

मी एकदा हौसेने आवणीला उभा राहिलो. अर्ध्या तासात कंबर धरून बांधावर बसलो आणि शेजारच्या मावश्या पोटभर हसल्या. त्या सकाळपासून वाकलेल्याच होत्या.

वाकल्यावर नेमकं होतं काय? पहार आठवा. मोठा धोंडा हलवताना पहारीचा लांब भाग आपल्या बाजूला ठेवतो, म्हणून थोड्या जोरात काम होतं. वाकलेल्या पाठीत हेच उलटं घडतं. 50 किलो वजनाची बाई धरा. कंबरेच्या वरचं शरीर साधारण 25 किलो. ती आडवी वाकली की त्या वजनाचा मध्य कंबरेच्या मणक्यापासून अंदाजे 25 सेंमी पुढे जातो. ते तोलून धरणारे पाठीचे स्नायू मात्र मणक्याच्या मागे जेमतेम 5 सेंमीवर. म्हणजे लांब भाग वजनाच्या बाजूला आणि आखूड भाग आपल्या बाजूला. हिशेब करा: 25 गुणिले 25, भागिले 5. स्नायूंना सव्वाशे किलोइतकी ओढ द्यावी लागते, आणि हातात तर फक्त रोपांची मूठ! म्हणून ‘हलकं काम आहे, बायका करतात’ हे वाक्य मला फार खटकतं.

कामाला माणसाच्या मापाने बेतायच्या या शास्त्राला एर्गोनॉमिक्स म्हणतात. हा शब्द 1857 मध्ये एका पोलिश शास्त्रज्ञाने ग्रीक शब्दांवरून घडवला. ऑफिसच्या महागड्या खुर्च्या विकणाऱ्यांनी तो आपलासा केला, पण त्याची खरी गरज खाचरात आहे.

मग यंत्र आणा की! इथेच गंमत सुरू होते. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने हाताने चालवायची भात लावणीची यंत्रं बनवली आहेत. वाकणं संपतं, हे खरं. पण यंत्र चिखलातून मागे मागे चालत ओढायचं असतं, म्हणजे कंबरेचा त्रास खांदे आणि पाय यांच्यावर जातो, दम लागतो. त्यासाठी रोपंही चटईसारखी वेगळ्या पद्धतीने वाढवावी लागतात. ड्रम सीडरने मोड आलेलं बी थेट ओळीत पेरता येतं, आवणीच नको. पण घाटघरसारख्या ठिकाणी पेरल्या दिवशी पाऊस कोसळला तर बी वाहून जाणार. इंजिनवरचं मोठं लावणी यंत्र सपाट, मोठ्या शेतात उत्तम. डोंगरउतारावरच्या खोलीएवढ्या खाचरात ते वळवायचं कुठे?

निंदणीत चित्र जरा बरं आहे. दोरीवर, ओळीत लावणी केली असेल तर दोन ओळींमधून कोनोविडर ढकलता येतो. दोन दातेरी शंकू फिरतात, तण चिखलात गाडलं जातं आणि माणूस उभा राहतो. पुढचा प्रश्न: उभा राहणारा माणूस कोण?

शेतकाम करणाऱ्या भारतीय स्त्री-पुरुषांची मापं याच भोपाळच्या संस्थेने देशभरातून गोळा करून प्रसिद्ध केली आहेत. सरासरी उंचीतच साधारण 12 सेंमीचा फरक आहे. हाताची पकड आणि जोर वेगळे, ते वेगळंच. आता दांडा पुरुषाच्या उंचीला कायमचा वेल्ड केला असेल, तर बाईचे हात छातीशी येतात. ढकलताना शरीराचं वजन कामी येत नाही, नुसते खांदे भरून येतात. दोन दिवसांत कोनोविडर गोठ्यात आणि मावशी पुन्हा वाकून. मग ऐकू येतं, ‘आमच्या बायकांना यंत्र झेपत नाही.’ झेपत नाही की मापाचं नाही?

बरं, सरासरी माप घेतलं तर? अमेरिकन हवाई दलाने 1950 मध्ये चार हजारांहून जास्त वैमानिकांची मापं घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुणाने त्यातली दहा मापं तपासली. दहाही मापांत सरासरीच्या जवळपास बसणारा वैमानिक निघाला शून्य! पुढे खुर्च्या, पेडल, पट्टे मागेपुढे होतील असे बनू लागले. तुमच्या बाइकचा आरसा फिरतो, तीच कल्पना. कोनोविडरसाठी तर दांड्याला चार भोकं आणि एक बोल्ट पुरतो. गावातला वेल्डर तासाभरात करून देईल.

छोटे बदल किती कामाचे असतात याचं उदाहरण म्हणजे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव विळा. वजनाला हलका आणि पात्याला करवतीसारखे दाते. हिसका देऊन तोडायच्या ऐवजी ओढून कापता येतं, म्हणून मनगट वाचतं. वाकणं तो थांबवत नाही, तसा दावाही नाही.

आता तुमच्या फोनचं काम. 1970 च्या दशकात फिनलंडमधल्या ओवाको या पोलाद कंपनीत कामगारांच्या शरीराची ठेवण नोंदवायची एक साधी पद्धत तयार झाली: ठरावीक वेळाने बघायचं, पाठ सरळ की वाकलेली, हात खांद्याच्या खाली की वर, गुडघे कसे, आणि टिपून ठेवायचं. तुम्ही आईचा, आत्याचा, शेतावरच्या मावशींचा काम करतानाचा पाच मिनिटांचा व्हिडिओ काढा. त्यांना विचारून, आणि समोरून नाही, बाजूने. दर पाच सेकंदांनी थांबवा आणि पाठ वाकलेली असेल तिथे वहीत रेघ मारा. एकूण साठ नोंदी होतील. अवजार बदलून, दांडा वरखाली करून पुन्हा मोजा. दुखतं कुठे हेही संध्याकाळी विचारा, कारण ते व्हिडिओत दिसत नाही. आणि नवीन अवजार घ्यायला जाल तेव्हा जी ते चालवणार आहे तिला दुकानात सोबत न्या. दांडा तिच्या हातात द्या, दहा पावलं ढकलू द्या, मग भाव विचारा.