वासरांचे हृदय आणि गोचीड ताप

रायपूरच्या भोवतालच्या सपाट प्रदेशात भात हे मुख्य पीक होय. खरिपाचे पीक शेतात उभे असताना गुरे मोकाट न सोडता आवरून धरावयाची, या प्रथेस तेथे ‘रोका-छेका’ म्हणतात. तीमुळे पिकाचे रक्षण होते. तथापि गुरे एकत्र दाटीने राहिल्यास गोचिडांचा प्रसारही सुलभ होतो. या गोचिडांपासून होणारा एक घातक रोग म्हणजे गोचीड ताप, अर्थात थायलेरिओसिस.

या रोगाचे कारण ‘थायलेरिया ॲन्युलाटा’ हा एकपेशीय परोपजीवी आहे. आफ्रिकेत संशोधन करणारे पशुवैद्य अर्नोल्ड थायलर यांच्यावरून या वंशास नाव पडले. हायालोमा जातीची गोचीड रक्त शोषीत असता तिच्या लाळेतून हा जीव वासराच्या देहात शिरतो. प्रथम तो पांढऱ्या पेशींत वाढतो, त्यामुळे लसिकाग्रंथी सुजतात व तीव्र ताप येतो. पुढे तो तांबड्या रक्तपेशींत शिरतो आणि त्यांचा नाश होऊन पंडुरोग जडतो.

हृदयावर आघात होतो तो तीन मार्गांनी. रक्त फिके झाल्याने प्राणवायू कमी पडतो. ती उणीव भरून काढण्यासाठी हृदय अधिक वेगाने धडधडते, परंतु त्याच्या स्नायूलाही प्राणवायू अपुराच मिळतो. दुसरे असे की, रोगग्रस्त पांढऱ्या पेशी हृदयाच्या स्नायूत शिरून तेथे दाह उत्पन्न करतात. तिसरे म्हणजे, सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटून रक्तस्राव होतो. मृत वासराच्या शवविच्छेदनात हृदयाच्या पृष्ठभागावर लाल ठिपके दिसतात ते याचेच. हृदयाच्या स्नायूस इजा झाली म्हणजे ट्रोपोनिन नावाचे प्रथिन रक्तात उतरते. त्याच्या मापनाने ही इजा जिवंतपणीही ओळखता येते.

येथे एक व्यावहारिक प्रश्न उद्भवतो. बुपार्वाक्वोन हे औषध परोपजीवीचा नाश करते, परंतु दुखावलेला स्नायू ते तत्काळ पूर्ववत करीत नाही. म्हणून ताप उतरला तरी वासरास धावू देऊ नये, उन्हात हिंडवू नये. रक्त किंवा सलाईन द्यावयाचे झाल्यास ते पशुवैद्यानेच बेताने द्यावे. घाईने दिल्यास दुर्बळ हृदयावर भार पडतो.

विदेशी व संकरित गुरांना हा रोग विशेष जड जातो. छत्तीसगडच्या कोसली गाईसारखी देशी जनावरे त्यास अधिक सहन करतात. तरी त्यांची वासरेही सर्वस्वी सुरक्षित नसतात. भारतात यावर लस तयार झाली आहे, परंतु ती द्रव नायट्रोजनात अतिशीत ठेवावी लागते, हे खेड्यांत अवघड पडते.

तेव्हा खरा उपाय गोठ्यातच आहे. भिंतींच्या भेगांत गोचिडी लपतात. त्या लिंपून बुजवाव्यात. वासराचे कान, बगला व मांड्या रोज तपासाव्यात. गोचीड चिकटल्यावर तिच्या लाळेतील जीव संसर्गक्षम होण्यास साधारणतः दोन-तीन दिवस लागतात. तेवढ्या अवधीत ती काढून टाकली, तर त्या वासराचे हृदय वाचते.