नाताळचे ताट

डिसेंबरचा पूर्वार्ध सरला, की बारदेश-साष्टीतील ख्रिस्ती घरांतून नारळाचा रस व माडाचा गूळ आटत असल्याचा वास दरवळू लागतो, आणि पुढील काही दिवस त्या घरांचा सारा कारभार स्वयंपाकघरात एकवटतो. या दिवसांत सिद्ध होणाऱ्या गोड जिन्नसांना तेथे 'कुस्वार' म्हणतात, आणि शेजाऱ्यांकडे, मग ते ख्रिस्ती असोत वा हिंदू, त्यांचे जे ताट जाते त्यास 'कोंसुआद'. गोमंतकाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने दप्तरखान्यातील कागदांइतक्याच आदराने हे ताटही वाचावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

1510 साली तिसवाडी आणि 1543 साली बारदेश व साष्टी पोर्तुगीज अंमलाखाली गेली; पुढे या जुन्या काबिजादीत धर्मांतरे झाली, आणि धर्म पालटलेल्या प्रजेने पूर्वजांची वहिवाटही टाकून द्यावी म्हणून इन्क्विझिशनने 1736 साली जे फर्मान काढले, त्यात अंगणात तुळस लावण्यास, इतकेच नव्हे तर मिठावाचून भात रांधण्यासही मनाई केली. राजसत्तेचा हात भाताच्या भांड्यापर्यंत पोचला खरा. परंतु चवथीला हिंदू घरी जी नेवरी गणपतीपुढे ठेवली जाते, तीच नेवरी नाताळच्या ताटात आजही मानाने विराजमान आहे. तिच्या शेजारी पेराद असते, ज्याचा पेरू अमेरिका खंडातून आलेला. आणि असते बेबिंका, जिचे जनकत्व लोककथा जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठाच्या एका जोगिणीकडे देते. कथेच्या खरेखोटेपणाचा निवाडा करण्याची मला निकड वाटत नाही. अंड्यांचा बलक, साखर, तूप आणि नारळाचा रस यांची ती सोयरीक दोन भूखंडांच्या पाकविद्येची आहे, हे जिभेला ताबडतोब पटते.

या सिद्धतेतील खरा आनंद श्रमाच्या वाटणीत आहे. दोदोलाचे काम एकट्याच्या हातून निभत नाही: तांदळाचे पीठ, काळा गूळ आणि नारळाचा रस मोठ्या कढईत चढवला, की मिश्रण कडा सोडून तूप दाखवीपर्यंत तासन् तास ढवळावे लागते, आणि हात थांबला की ते तळाला लागते; म्हणून घरातील धट्टेकट्टे पुरुष पाळीपाळीने कालथा हाती घेतात. बेबिंकेस बळापेक्षा धीर अधिक लागतो, कारण वरून निखाऱ्यांची धग देऊन एक थर भाजून निघाल्याखेरीज दुसरा ओतता येत नाही, आणि थर निदान सात तरी हवेत. मुलांच्या वाट्याला कुलकुल येतात. पिठाची बोटभर गोळी काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या फणीवर दाबून गुंडाळली, की रेघांची नाजूक वळकटी होते. कोणाची वळकटी सुबक, कोणाची आधी भरली परात, याची चढाओढ लागते, आणि वडीलधाऱ्या बाया निवाडा देताना लहानग्याचे मन राखतात. माझ्या मते नाताळचा सर्वांत रम्य खेळ हाच.

बाहेर त्याच वेळी गोठा उभा राहत असतो. संत फ्रान्सिसने 1223 साली इटलीतील ग्रेच्चो येथे मांडलेल्या ख्रिस्तजन्माच्या देखाव्याची ही परंपरा. पण येथील मुले आधीच नाचणी पेरून ठेवतात आणि तिचे कोवळे अंकुर बाळ येशूच्या भोवती कुरण म्हणून मांडतात. बांबूच्या कामट्या व रंगीत कागद यांचा तारा दारावर चढतो. दिवाळीचा आकाशकंदील करणाऱ्या हातांना त्याची रीत निराळी शिकवावी लागणार नाही.

मध्यरात्रीची मिस्सा आटोपून, दुसऱ्या दिवशी जेवणे झाली, की सोप्यावर हौजी मांडली जाते. सत्तावीस घरांच्या चिठ्ठीत पंधरा आकडे, पुकारणारा एक ते नव्वदातील आकडा उच्चारतो, आणि आजीपासून नातवापर्यंत सारे एकाच आशेने खाली पाहतात. येथे वयाचा वा विद्येचा काडीइतकाही उपयोग नाही, यामुळेच तीन पिढ्यांना हा खेळ सारखाच प्रिय आहे.

ज्या घरी त्या वर्षी मृत्यू घडला असेल, तेथे कुस्वार होत नाही. शेजारी ताट पाठवतात, जसा आपल्याकडे दुखवट्याच्या घरी दिवाळीचा फराळ जातो. आता बाजारात तयार कुस्वार मिळतो, 2023 साली गोव्याच्या बेबिंकेस भौगोलिक मानांकनही लाभले, आणि मुंबईत वा आखातात चाकरी करणाऱ्या मुलाबाळांसाठी आया आठवडाभर आधीच डबे रवाना करतात. त्यांत दोदोल, पेराद आणि कुलकुल असतात, कारण ते टिकतात. ओल्या खोबऱ्याच्या नेवऱ्या मात्र घरी येणाऱ्यांसाठी राखून ठेवतात.