कॅमेरा रात्रीच का झोपतो?

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं घराला कुलूप लावून ऊसतोडीला जातात. गल्ली ओस पडते, आणि दारावरच्या कॅमेऱ्याचाच काय तो आधार. नेमका तोच रात्री बंद पडला तर?

“टॉवरच्या लहरी आडव्या येतात,” असं शेजारच्या काकू सांगतील. लगेच खरं मानू नका बरं! एफएम रेडिओ 88 ते 108 मेगाहर्ट्झवर चालतो, वायफायचा कॅमेरा बहुधा 2400च्या पुढे. त्याला त्रास होतो तो मायक्रोवेव्ह ओव्हनचा, नाहीतर शेजारच्या वायफायचा.

चित्र जाण्याची वेळ चार दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. दूध गरम करतानाच जात असेल, तर राउटर ओव्हनपासून दूर हलवा. चॅनेल 1, 6 किंवा 11 करून पाहा. पण अंधार पडताच जात असेल, तर चोर वेगळाच! रात्री कॅमेऱ्याचे अवरक्त दिवे लागतात आणि विजेची गरज वाढते. हलक्या अ‍ॅडॅप्टरला किंवा लांब, बारीक वायरला ते झेपत नाही. व्होल्ट तेवढेच, पण अँपिअर जास्त, असा अ‍ॅडॅप्टर आणून लावा.

आणि हो, मेमरी कार्ड घातलंत ना? वायफाय गेलं तरी बहुतेक कॅमेरे त्यावर चित्रण साठवतात. आमचं कार्ड सहा महिने पाकिटातच होतं!