‘आज बोट निघणार नाही’ म्हणायचे पैसे तिकिटात धरलेत का?



पर्यटनाच्या धंद्यावर व्हिडिओ टाकला की एक प्रश्न हमखास येतो: “सर, कोकणात बोट घेऊन स्नॉर्केलिंग सुरू करायचंय, भांडवल किती लागेल?” भांडवलाचं बोलूच. पण त्याआधी ही सहल आतून कशी बांधलेली असते ते बघायला हवं. म्हणून या लेखात मी तुम्हाला थेट हवाईला नेतोय. पाहुणे म्हणून बोटीवर चढा, पण नजर मात्र मालकाची ठेवा.

सहल काय आहे?

हवाई हे पॅसिफिक महासागरातल्या बेटांचं अमेरिकेचं राज्य. त्यातल्या माउई बेटाच्या नैऋत्येला, किनाऱ्यापासून साधारण चार किलोमीटरवर, मोलोकिनी नावाचं ठिकाण आहे. ज्वालामुखीचं अर्धं बुडालेलं तोंड. पाण्याबाहेर दिसते ती चंद्रकोरीसारखी कडा. कोरीच्या आतलं पाणी त्यामानाने शांत. चांगल्या दिवशी तीस मीटर खोलवरचंही स्वच्छ दिसतं. खाली प्रवाळ आणि माशांच्या अडीचशेच्या आसपास जाती.

पाहुणा काय करतो? भल्या सकाळी बंदरावर येतो, कॅटामरानवर चढतो, नाश्ता करतो. कोरीत पोचल्यावर मास्क, तोंडात धरायची श्वासाची नळी आणि पायात फिन्स घालून तासभर पाण्यावर पालथा तरंगतो. मग किनाऱ्याजवळ कासवं दिसतात अशा दुसऱ्या जागी एक थांबा, जेवण, आणि दुपारपर्यंत परत. झाली सहल!

ऐकायला सोपं आहे. आता एकेक गोष्ट उलगडून बघू.

वेळ कोण ठरवतं?

सुट्टीवर आलेल्या माणसाला नऊपर्यंत झोपायचं असतं. तरी या बोटी सातच्या सुमारास निघतात. कारण माउईला दुपारकडे व्यापारी वारे जोर धरतात आणि लाटा वाढतात. सकाळचं पाणी हाच खरा माल आहे.

इथे बऱ्याच नव्या उद्योजकांची गल्लत होते. “कस्टमर म्हणेल त्या वेळेला” ही चांगली सेवा वाटते. पण तीन वाजता गढूळ, हलतं पाणी दाखवून तुम्ही त्याला खूश करणार आहात का? तुमच्या धंद्यातही अशी एखादी गोष्ट असेल, जिची वेळ ग्राहकाच्या हातात नाही. ती ओळखा आणि बुकिंगच्या वेळीच स्पष्ट सांगा.

दोन नाळींची बोट कशाला?

कॅटामरान हा शब्द आपल्या शेजारचाच. तमिळमध्ये ‘कट्टु’ म्हणजे बांधणं, ‘मरम’ म्हणजे झाड किंवा लाकूड. कट्टुमरम म्हणजे एकत्र बांधलेले ओंडके. तोच शब्द जगभर फिरून आता दोन नाळींच्या बोटीला चिकटलाय.

दोन नाळींमुळे बोट रुंद होते आणि कमी डोलते. डोलणं कमी म्हणजे बोट लागणं कमी, उलट्या कमी. डेक प्रशस्त मिळतो, मागच्या बाजूने थेट पाण्यात उतरायला पायऱ्या करता येतात. साठीच्या आजी आणि आठ वर्षांचा नातू एकाच तिकिटावर येऊ शकतात. म्हणजे बोटीच्या आकाराने ग्राहकवर्गच बदलला.

पण फुकट काहीच नाही. रुंद बोट महाग असते, बंदरात जागा जास्त अडवते, देखभालही वाढते. अमेरिकेत नियमाचाही मुद्दा आहे. सहापर्यंत प्रवासी नेणाऱ्या छोट्या बोटीला लायसन्सधारक कप्तान लागतो. पण भाड्याने त्याहून जास्त माणसं न्यायची तर बोटीची कोस्ट गार्डकडून तपासणी होऊन दाखला घ्यावा लागतो. त्यामुळे तिथे धंद्याचे सरळ दोन रस्ते पडतात: सहा जणांची महागडी, खासगी सहल, किंवा मोठी, तपासलेली बोट आणि भरपूर सीट्स. अधेमधे राहिलात तर मोठ्या बोटीचा खर्च आणि छोट्या बोटीची कमाई अशी अवस्था होते.

पैसे माशांचे की निर्धास्तपणाचे?

बोटीवर चढणाऱ्या अनेकांना नीट पोहता येत नाही. काहींनी तोंडातून श्वास घ्यायची नळी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेली असते. वर सगळे हसत असतात, पोटात मात्र गोळा आलेला असतो. चांगली टीम या भीतीवर काम करते:

– पाण्यात जायच्या आधी सूचना. हाताच्या खुणा, कुठपर्यंत जायचं, मदत हवी असेल तर काय करायचं.
– प्रत्येकाच्या पायाच्या मापाच्या फिन्स. मास्क चेहऱ्याला लावून बघितला जातो. चष्मा असणाऱ्यांसाठी बऱ्याच ठिकाणी नंबरचा मास्क मिळतो.
– ज्यांना पोहता येत नाही त्यांच्यासाठी तरंगायचा पट्टा, फोमची नळी किंवा जॅकेट. ते मागताना लाज वाटू नये म्हणून आधीच सगळ्यांसमोर ठेवलेलं.
– पाण्यात गाइड, आणि डेकवर एक माणूस ज्याचं काम फक्त बघत राहणं.
– अनेक बोटींवर दारू मिळते, पण शेवटचं पोहणं आटोपल्यानंतरच.

यातली एकही गोष्ट फार महाग नाही. पण घाबरत उतरलेली बाई अर्ध्या तासाने “अहो, कासव बघितलं!” म्हणत वर येते, तेव्हा ती चार घरी सांगते. ती जाहिरात पैसे देऊन मिळत नाही.

डोकी मोजा. परत मोजा.

१९९८ साली ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एका डायव्हिंग बोटीने मोजणीत चूक केली. एक अमेरिकन जोडपं पाण्यातच राहिलं आणि बोट परत गेली. ही गोष्ट लक्षात यायला दोन दिवस लागले. ते दोघं कधीच सापडले नाहीत. त्यानंतर त्या राज्यात माणसं मोजण्याचे आणि त्याची नोंद ठेवण्याचे नियम कडक झाले.

महागडी यंत्रणा बिघडली म्हणून हे घडलं नव्हतं. एक आकडा चुकला होता. म्हणून चेकलिस्ट म्हणजे मोठ्या कंपन्यांचं काम, असं समजू नका. दोन माणसांच्या धंद्यातही कागद हवा: किती चढले, किती उतरले, किती परत आले, कोणी मोजले, सही.

नियम जाच की भांडवल?

मोलोकिनी १९७७ पासून संरक्षित सागरी क्षेत्र आहे. कोरीच्या आत मासेमारी बंद. तिथे धंदा करायला परवाना लागतो. प्रवाळावर नांगर टाकायचा नाही. ठरलेल्या तरंगत्या बोयांना बोट बांधायची. शिवाय प्रवाळाला घातक मानलेले ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट हे दोन घटक असलेल्या सनस्क्रीनची विक्री हवाई राज्याने १ जानेवारी २०२१ पासून बंद केली.

तुम्ही म्हणाल, इतक्या बंधनांत धंदा करायचा कसा? अहो, बंधनं आहेत म्हणूनच इतक्या वर्षांनी तिथे दाखवायला मासे शिल्लक आहेत. प्रत्येकाने मनाला येईल तिथे नांगर टाकला असता तर प्रवाळ कधीच मोडलं असतं आणि बोटी रिकाम्या राहिल्या असत्या.

आता हिशेब

पुढचे आकडे समजण्यासाठी मानलेले आहेत. तुमच्या गावचे आकडे तुम्ही घाला.

समजा, २० सीटची बोट. तिकीट १,५०० रुपये. एका फेरीचा खर्च १५,००० रुपये. त्यातले ९,००० रुपये बोट निघो न निघो लागणारच: ईएमआय, पगार, विमा, परवाना यांचा रोजचा वाटा. उरलेले ६,००० रुपये डिझेल आणि फेरीचे इतर खर्च. शिवाय माणशी २०० रुपये नाश्ता-पाण्याचे. म्हणजे एका सीटमागे हातात उरले १,३०० रुपये.

१५,००० भागिले १,३०० म्हणजे साडेअकरा. बारावा माणूस चढला की बोट खर्चातून बाहेर. दहाच आले तर २,००० रुपये तोटा. वीसही भरल्या तर ११,००० रुपये नफा. आणि रिकामी गेलेली सीट उद्या विकता येत नाही. भाजीवाला संध्याकाळी स्वस्तात काढतो, तसंही करता येत नाही.

इथपर्यंत हिशेब बहुतेक जण करतात. पुढचा कोणी करत नाही.

महिन्यात २६ फेऱ्या ठरवल्यात. त्यातले चार दिवस समुद्र खवळलेला. फेऱ्या राहिल्या २२. पण त्या चार दिवसांचे ९,००० प्रमाणे ३६,००० रुपये खर्च झालेच. ते २२ फेऱ्यांवर वाटले तर फेरीमागे साधारण १,६४० रुपये. सरासरी १५ माणसं धरली तर माणशी ११० रुपये.

हे ११० रुपये पहिल्या दिवसापासून तिकिटात धरले नाहीत तर काय होतं? पाचव्या दिवशी वारा वाढलेला असतो, जेट्टीवर वीस माणसं उभी असतात, ३०,००० रुपये परत करायचे असतात आणि हप्ता तीन दिवसांवर आलेला असतो. तांडेल म्हणतो, “आज नको.” आणि मालक म्हणतो, “एक फेरी मारून बघ ना!” तो मालक वाईट माणूस नसतो. त्याने दर चुकीचा लावलेला असतो.

म्हणून मी या ११० रुपयांना ‘नाही म्हणायचा फंड’ म्हणतो. ते वेगळ्या खात्यात ठेवा. बोट काढायची की नाही याचा शेवटचा शब्द तांडेलाचा, हे लेखी ठरवा. आणि पैसे परत द्यायची अट बुकिंगच्या पावतीवर साध्या मराठीत छापा.

एकाच बोटीचे दोन-तीन धंदे

माउईच्या कॅटामरानवाल्यांकडून हेही घेण्यासारखं आहे. सकाळी स्नॉर्केलिंग, संध्याकाळी त्याच बोटीवर सूर्यास्ताची सहल. डिसेंबर ते एप्रिलच्या सुमारास हंपबॅक देवमासे तिथे येतात, तेव्हा देवमासे दाखवायच्या फेऱ्या. त्यातही देवमाशापासून शंभर यार्ड, म्हणजे नव्वदेक मीटर लांब राहायचा नियम. नवी बोट न घेता कमाईच्या वाटा वाढतात आणि तो ९,००० चा बोजा दोन फेऱ्यांत विभागला जातो. मग सकाळची फेरी रद्द करणंही तितकं जड जात नाही.

आता आपल्याकडे या

मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात स्नॉर्केलिंग चालतं. तारकर्ली-देवबागकडे डॉल्फिन बघायच्या फेऱ्या होतात. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं आहे. पावसाळ्यात हा धंदा बंद असतो, म्हणजे वर्षाचे खर्च उरलेल्या महिन्यांतच काढायचे असतात. आणि मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, हेही विसरून चालणार नाही. अशा दिवशी ज्यांची बोट नसते त्यांचीही बुकिंग रद्द होतात. एका जेट्टीवर सगळ्यांची अब्रू एकत्रच असते.

आपल्याकडे कॅटामरान घ्यायलाच हवी असं मुळीच नाही. साधी बोट, चांगला तांडेल, नीट मापाची जॅकेट्स आणि कागदावरची मोजणी यातूनही हा धंदा उत्तम उभा राहतो. परवान्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आधी चौकशी करा, मग बोटीचा सौदा. प्रशिक्षणासाठी गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. ॲडव्हान्स देऊन झाल्यावर नियम विचारायला जाऊ नका.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमचा धंदा बोटीचा नसला तरी हा गृहपाठ तुमच्यासाठीच आहे. केटरिंग असो, घरगुती केक असो की ट्रॅव्हल्सची गाडी.

१. असा एक दिवस लिहा, ज्या दिवशी तुम्ही ऑर्डर नाकारायला हवी. गाडीचे ब्रेक संशयास्पद आहेत, क्रीमचा वास बदललाय, आचारी तापाने फणफणलाय.
२. महिन्यात असे किती दिवस येतात, आणि एका दिवसाचे किती पैसे जातात?
३. ती रक्कम बाकीच्या ग्राहकांवर वाटा. आलेला आकडा आजच्या तुमच्या दरात आहे का?

नसेल तर दर वाढवा, नाहीतर खर्च कमी करा; पण तो आकडा शून्य ठेवून धंदा सुरू करू नका. उत्तर वहीत लिहा आणि कमेंटमध्ये तुमच्या व्यवसायाचं नाव न देता फक्त आकडा टाका. पुढच्या व्हिडिओत त्यातले चार-पाच हिशेब आपण फळ्यावर सोडवू.

भेटू या!