नात्यातला वळू आणि वासराचं वजन

गावात एकाच वळूकडून वर्षानुवर्षे गाई भरवल्या, की वासरं खुरटी निपजू लागतात. असं का होतं?

वासराला जवळपास प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात: एक गाईकडून, एक वळूकडून. एकाच कुलपाच्या दोन किल्ल्या असाव्यात तसं हे. एक किल्ली बिघडली तरी दुसरीनं काम भागतं. पण गाय-वळू जवळच्या नात्यातले असतील, तर दोघांकडून एकाच पूर्वजाची तीच बिघडलेली किल्ली येऊ शकते. बाप आणि मुलगी यांच्या वासरात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीच्या नकला असण्याची शक्यता २५ टक्के असते. मग वाढ मंदावते, गाभण राहण्याचं प्रमाणही घटतं.

निवड नीट केली तर? अमेरिकेतल्या माँटानात, माइल्स सिटीच्या सरकारी संशोधन केंद्रात १९३४ साली दोन सावत्र भाऊ असलेल्या वळूंपासून मांसासाठीच्या हेरफर्ड गुरांचा ‘लाइन वन’ कळप सुरू झाला. पुढे बाहेरचं रक्त बंद झालं, पण पैदाशीसाठी झपाट्यानं वाढणारी जनावरं निवडली गेली. नात्याचा तोटा होऊनही कळपाची वाढ सुधारली. २००९ साली जिचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला, ती ‘डॉमिनेट’ गाय याच कळपातली.

अशी काटेकोर निवड गावात शक्य नसते. म्हणून वळूची वंशावळ लिहून ठेवावी आणि त्याच्या मुली माजावर येण्याआधी वळू बदलावा.