पिकाची तहान मोजणारे तांब्याचे भांडे

आमचा धंदा कापडाचा. गज दोन बोटे आखूड असला तर गिऱ्हाईकही जाते आणि इज्जतही. ज्या कापसावर आमचे दुकान चालते, त्याच्या पाण्याचेही असेच माप असते. ते माप देणारे भांडे घडवणे हे तांबट आणि कल्हईवाल्याचे काम आहे, म्हणून कारागीर बंधूंसाठी ही माहिती देत आहोत.

या भांड्याला बाष्पमापी म्हणतात. भारतीय मानकाप्रमाणे त्याचा पत्रा तांब्याचा, ०.९ मिलिमीटर जाडीचा. व्यास १२२० मिलिमीटर, खोली २५५ मिलिमीटर. आतून कल्हई, बाहेरून पांढरा रंग, पक्ष्यांपासून बचाव म्हणून वर तारेची जाळी. ते उघड्या जागी लाकडी चौकटीवर सपाट ठेवतात. आत एक टोकदार खूण असते. रोज ठरल्या वेळी त्या खुणेपर्यंत मापाने पाणी भरायचे. जितके भरावे लागले, तितके उडाले. पाऊस झाला असेल तर तो हिशेबात मिळवायचा.

समजा, ८ मिलिमीटर उडाले. त्याला भांड्याच्या गुणकाने, साधारण ०.७ ने, गुणले की ५.६ येतात. मग पिकाचा गुणक लावायचा. कापसाला सुरुवातीला तो सुमारे ०.३५ आणि ऐन भरात १.१५ असतो. म्हणजे लहान रोपांना दिवसाला २ मिलिमीटर, भरातल्या पिकाला जवळजवळ साडेसहा. एकरावर १ मिलिमीटर म्हणजे सुमारे ४,००० लिटर.

पिकाचा गुणक ठरवायला संशोधन केंद्रात मातीची टाकी काट्यावर बसवून शेतात पुरतात व तिच्यात तेच पीक लावतात. टाकी १ चौरस मीटरची असेल तर १ किलो घट म्हणजे १ मिलिमीटर पाणी गेले. खाली झिरपलेले पाणी वेगळे मोजतात.

आता कारागिराची जबाबदारी पाहा. सांध्यातून दिवसाला सव्वा लिटरहून थोडे कमी पाणी गळले, तरी भांडे १ मिलिमीटर जादा दाखवते. त्या आकड्यावर विसंबणारा शेतकरी भरातल्या कापसाला रोज एकरी ३,००० लिटरांहून अधिक पाणी फुकट देईल. विहीर आटेल, पण दोष भांड्याचा आहे हे त्याला कळणारही नाही.

म्हणून माल देण्याआधी भांडे खुणेपर्यंत भरा, वरून घट्ट झाकून एक दिवस-रात्र ठेवा आणि मग पातळी पाहा. कल्हई चकाकली म्हणजे सांधा पक्का झाला, असे नव्हे.